मेश्राम काकांचं नाक

"काय जेवलात, मॅडम?" मेश्राम काकांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न.

हडपसरच्या आमच्या ऑफिसच्या गेटपाशी ट्रान्सपोर्टचं टेबल होतं. नोकरीच्या पहिल्याच संध्याकाळी मी स्कूटर काढली, तर टेबलामागच्या गृहस्थांनी चष्म्यावरून पाहत मला थांबवलं. मी इंग्रजी शाळेत शिकलेली. अनोळखी माणसाने मराठीत काही विचारलं की उत्तर आधी इंग्रजीत सुचतं आणि मग सुचतच नाही. "सँडविच," मी कसंबसं म्हटलं.

"आणखी?"

"केळं."

त्यांनी निराशेने मान हलवली. "जा. यात काही दम नाही." घरी येऊन मी आईला सांगितलं की, ऑफिसात एक खादाड काका आहेत.

खरा प्रकार कळायला आठवडा लागला. काका मूळचे नागपूरचे. तिथल्या कोर्टात मोटारवाहनांच्या खटल्यांवर त्यांनी कारकुनी केली होती. निवृत्तीनंतर मुलाकडे कोथरूडला आले आणि घरी बसवेना म्हणून आमच्याकडे लागले. कंपनीचा ड्रायव्हर असो नाहीतर मॅनेजर, गाडी घेऊन बाहेर पडणाऱ्याला ते जेवण विचारत. कारण साधं होतं. "दारू प्यालात का विचारलं तर माणूस 'नाही' म्हणते. दोन अक्षरं! त्यात वास कुठून येणार? भरल्या वांग्याचं वर्णन करायले लावा, तोंड चांगलं उघडते."

पिऊन गाडी चालवण्याचं कलम एकशे पंच्याऐंशी. काका अशा माणसाला कलमानेच ओळखत. "तो पाहा, एकशे पंच्याऐंशी चालला." मला मराठी आकडे पन्नाशीपुढे जमत नाहीत, पण हा पाठ झाला. कोर्टाच्या आठवणी निघाल्या की ते म्हणत, "इतकी वर्षं बसलो तिथं. प्रत्येकाने दोनच पेग घेतलेले. तिसरा पेग नागपुरात विकतच नसावेत."

एकदा आमचा टीम लीडर निखिल त्यांना म्हणाला, "काका, शिक्षा दहापट करा. सगळे सरळ होतील."

"शिक्षा मोठी करून काय होते, साहेब? प्रत्येकाले वाटते, आपल्याले कोण पकडते! छोटी ठेवा, पण रोज पकडा. माझ्या टेबलासारखं."

त्या जानेवारीत एका शनिवारी आमची हुरडा पार्टी मांजरीला एका सहकाऱ्याच्या शेतावर होती. आम्ही कंपनीच्या बसने गेलो. बस काकांच्या ताब्यात. निखिल मात्र आपल्या नव्या कारने आला. दुपारी मी हात धुवायला ट्रॅक्टरमागे गेले, तर निखिल तिथे स्टीलच्या पेल्यात बाटलीतून ओतत होता. "मठ्ठा," तो डोळा मारून म्हणाला. नंतर आणखी दोनदा त्याला मठ्ठ्याची तहान लागलेली मी पाहिली. बोलले नाही. पंधरा दिवसांनी माझं अप्रेझल होतं, आणि ते तोच करणार होता.

चारच्या सुमारास तो आम्हा तिघींना म्हणाला, "बसमध्ये कशाला धक्के खाताय? घरी सोडतो." दोघी टुणकन बसल्या. मीही बसले. तेवढ्यात काका खिडकीशी आले.

"काय जेवलात, साहेब?"

निखिलने तोंड भरून सांगितलं, "हुरडा, लसणाची चटणी, वांगं, पुन्हा लसणाची चटणी!"

काकांनी एकदा हुंगलं, दोनदा हुंगलं. लसणाचा वास निखिलला होता, आम्हाला होता, खुद्द काकांना होता. त्यांच्या चेहऱ्यावर गोंधळ मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. "जा," ते म्हणाले आणि मागे सरले.

गाडी सुरू झाली. मला सोलापूर रस्त्यावरचे ट्रक दिसू लागले आणि अप्रेझलचा फॉर्मही. "काका," मी म्हटलं. ते कुणालाच ऐकू गेलं नाही. मग बहुधा ओरडलेच. "काका, निखिलने घेतलीय! तीन पेले. मी पाहिलंय."

"अगं!" शेजारची प्राची म्हणाली. निखिल आरशातून पाहत राहिला. "सिरियसली?"

काकांनी दार उघडलं. "उतरा, साहेब. बसमध्ये तुम्हाले खिडकीची जागा देतो."

परतताना काका माझ्या पुढच्या सीटवर बसले होते. हडपसर आलं तेव्हा वळून म्हणाले, "माझं नाक फसलं."

"लसूण होता ना, काका."

"लसणाचं सोडा. मी चालवणाऱ्याले विचारत बसलो. विचारायचं होतं बसणाऱ्याले. पण बसणाऱ्याले भीड पडते. दारूपेक्षा भीड वाईट, बाई. दारू उतरते तरी."

सोमवारपासून ते मागच्या सीटवरच्यांना विचारू लागले, "हे काय प्याले?" लोक वैतागले, पण उत्तरं देऊ लागले. निखिल मात्र महिनाभर माझ्याशी फक्त ईमेलने बोलला. अप्रेझलमध्ये त्याने लिहिलं: संवादकौशल्य वाढवण्याची गरज आहे.

मग एका शुक्रवारी तो माझ्या टेबलाशी आला आणि कारची किल्ली कीबोर्डवर ठेवली. "क्लायंटबरोबर लंच आहे. नंतर मागितली तरी देऊ नकोस." माझ्याकडे न बघता निघूनही गेला.

किल्ली घेऊन मी थेट गेटवर गेले. काका ड्रॉवर रिकामा करत होते. नागपूरला परत निघाले होते, तो त्यांचा शेवटचा दिवस.

"ही तुम्ही ठेवा ना, काका."

"मी उद्या कुठं आहे? तुम्हाले दिली, तुम्हीच सांभाळा."

"पण त्याने मागितली तर?"

"मागणारच. त्यासाठीच तर दिली."

पाच वाजता निखिल रिक्षातून उतरला, खुशीत. मी गेटपाशीच उभी होते. "मी एकदम ओके आहे," हात पुढे करत तो म्हणाला. "आण."

मी काकांकडे पाहिलं. ते मुद्दाम आमच्याकडे पाठ करून चहा पीत होते.

"सोमवारी," मी म्हटलं.