गल्लीने ठरवलेली आमची श्रीमंती

आमची गरिबी तपासायला धारहून दोन माणसं आली आणि संध्याकाळपर्यंत आम्ही देवासमधलं सर्वांत श्रीमंत मराठी कुटुंब ठरलो.

यात सरकारचा काहीही दोष नाही. (मी पत्रकं लिहिते. हे वाक्य माझ्या हातून पहिल्यांदाच उतरतंय, वाचून घ्या!)

तर झालं असं. मला इंदूरच्या लॉ कॉलेजात प्रवेश मिळाला. बाबांचा कारखाना बंद पडल्यापासून ते मोटर वाइंडिंगच्या दुकानात तारा गुंडाळतात, आणि वर्षाची फी एकदम भरणं त्यांच्या आवाक्यात नव्हतं. फी भरली नाही तर सीट गेली, आणि मी घरी बसून प्रायव्हेट बी.कॉम. सरकारी पोर्टल रोज माझा उत्पन्नाचा दाखला गिळायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा भुकेलं व्हायचं. शेवटी धारच्या एका ट्रस्टकडे मदतीचा अर्ज केला.

अर्ज केल्याचं गल्लीत कुणालाच सांगितलं नाही. ‘शिष्यवृत्ती हक्क आहे, भीक नाही!!!’ हे पत्रक मीच चौकात वाटलं होतं, मीच हातगाडीवर उभी राहून ओरडले होते. पण स्वतःचा हक्क मागताना आवाज एवढा बारीक का होतो, यावर पत्रक लिहायचं अजून राहिलंय.

एका रविवारी ट्रस्टचा फोन आला. “आम्ही देवासला पोचलोय. तासाभरात घर बघायला येतो.”

मी आईला सांगितलं, “आई, चौकशीला येताहेत. घर आहे तसं राहू दे.”

आईने त्यातला एकच शब्द उचलला : येताहेत.

आमचे पूर्वज म्हणे मराठ्यांच्या दरबाराबरोबर माळव्यात आले. जहागीर गेली, घोडे गेले, आता दोन भाड्याच्या खोल्या आहेत; पण दरबारी शिष्टाचार मात्र आईने एकटीने सांभाळून ठेवलाय. घरात पाहुणा आला की त्याच्यापुढे उणं दिसायचं नाही!

“अगं, ते पाहुणे नाहीत!” मी ओरडले.

“उंबरठ्याच्या आत येणार ना? मग पाहुणेच,” आई म्हणाली आणि शेजारच्या चौहान काकींच्या दारात उभी राहिली. “काकी, कुर्सियाँ देना जरा. पाहुणे आ रहे हैं.”

पुढच्या अर्ध्या तासात आमच्या घरात खुर्च्या आल्या, काचेचे कप आले, फुलाफुलांचा टेबलक्लॉथ आला, कोपऱ्यावरच्या किराणेवाल्या गोपाल भियांकडून स्टँडचा पंखा आला. काकींनी स्वतःची जरीची साडी आणून माझ्या अंगावर टाकली. “या पेर ले, बेटा. मेहमान के सामने सलवार-कुर्तो नी चले.” मी विरोध केला. (पत्रक असतं तर विरोध टिकला असता. काकी समोर होत्या, साडी नेसले.)

आता गल्लीच्या जागी स्वतःला ठेवा. घरात उपवर मुलगी. आई खुर्च्या मागतेय. मुलीला जरीची साडी. आणि तेवढ्यात धारच्या नंबरची गाडी येते, त्यातून एक पांढऱ्या केसांचे सर आणि चष्म्याच्या ताई उतरतात आणि सरळ गोपाल भियांना विचारतात, “या कुटुंबाची परिस्थिती कशी आहे हो?”

घराआधी शेजाऱ्यांना विचारायचं, ही त्या ट्रस्टची रीत. पण आमच्या गल्लीत हा प्रश्न आजवर फक्त मुलाकडचे विचारत आलेत! आणि गल्लीतल्या पोरीचं लग्न जमत असताना खरं बोलणं म्हणजे आमच्याकडे पाप.

“परिस्थिती?” गोपाल भिया काउंटरवरून जवळजवळ उडीच मारून बाहेर आले. “अरे साहब, राजा लोग हैं! टोंकखुर्द की तरफ़ ज़मीन है, सोयाबीन ही सोयाबीन!”

(आमच्याकडे शेतीची म्हणावी अशी एकच जागा आहे. तिच्यात तुळस आहे.)

काकी पुढे सरसावल्या. “म्हारी आँख के सामने मोटी हुई है छोरी. घर में कई बात की कमी नी है. सोनो तो इत्तो है के पेरे ज नी! सीधा लोग है, दिखावो नी करे.”

हे सगळं ऐकून दोघं आमच्याकडे आले, काकींच्या खुर्च्यांवर बसले आणि भियांच्या पंख्याचा वारा घेऊ लागले. आईने पोहे दिले, वर शेव. मग शिरा दिला, वर काजू. (ते काजू कुणाचे, हे मला आजही माहीत नाही.)

ताईंनी वही उघडली. “घर कसं चालतं तुमचं?”

हा एक प्रश्न! याच्या उत्तरावर माझं कॉलेज टांगलेलं! आई पदर सावरत म्हणाली, “देवाच्या दयेने काही कमी नाही हो!”

“आई!!!”

“अगं, मग काय रडू पाहुण्यांसमोर?”

सर बाबांकडे वळले. “टोंकखुर्दला जमीन किती आहे आपली?”

“कुणाची?” बाबांनी एवढ्या कुतूहलाने विचारलं की त्यांनाही ती बघायला जायचंय असं वाटलं.

ताईंनी चष्मा काढला. “एवढं सगळं असताना गरजू मुलांच्या मदतीसाठी अर्ज करायचा? लाज वाटायला हवी, बाळ.”

बस्स! मी उठले. जरीच्या साडीचा पदर कमरेला खोचला आणि थेट गल्लीत आले. खिडक्या-दारांतून सगळे माझं लग्न जमण्याची वाट बघत होते.

“सुनो सब लोग! ये रिश्ते वाले नहीं हैं! मुझे देखने नहीं, हमारी गरीबी देखने आए हैं! मैंने कॉलेज की फीस के लिए अर्जी दी है, और इसमें शर्म की कोई बात नहीं है!”

गल्ली गप्प. आतापर्यंतच्या माझ्या सगळ्या भाषणांत एवढी शांतता कधी मिळाली नव्हती.

“तो पहले बोलना था ना, मुक्ता!” गोपाल भिया कळवळून म्हणाले. आणि अख्खी गल्ली आमच्या घरात घुसली.

“साहब, भूल हो गई. इनके यहाँ तो कई दिन से चूल्हा नहीं जला!” भियांनी सरांना सांगितलं. सरांच्या हातात शिऱ्याची दुसरी बशी होती. वाफा निघत होत्या.

“ज़मीन?” सरांनी विचारलं.

“बह गई, साहब! बाढ़ में!”

“आणि सोनं?” ताईंनी काकींकडे पाहिलं. काकींनी शब्दांवर वेळ घालवला नाही. पुरावाच दिला. “उठो, बासाब. या कुर्सी म्हारी है.” सर उठले. खुर्ची गेली. ताई स्वतःहून उठल्या. दुसरी गेली. कुणी कप उचलले, ताईंच्या वहीखालून टेबलक्लॉथ ओढला गेला, भियांनी चालू पंखा काखेत मारला. दोन्ही पाहुणे रिकाम्या खोलीच्या मधोमध घाम पुसत उभे. आई डोळे मिटून भिंतीला टेकलेली. शेवटी काकींची नजर माझ्यावर आली. “ने या साड़ी बी...”

“ती नाही!” मी म्हणाले. हक्काला कुठेतरी मर्यादा असते.

मग बाबा बोलले. दिवसभरात दुसऱ्यांदाच. “साहेब, मी तारा गुंडाळतो. रोजचं भागतं. फी एकरकमी नाही जमत. एवढंच आहे.”

सर सतरंजीवर मांडी घालून बसले आणि हसायला लागले, इतके की डोळे पुसावे लागले. “चौकशीला येतोय म्हटलं की लोक पंखे उतरवून शेजारी ठेवतात. शेजाऱ्यांचा पंखा आणून लावणारं घर आज पहिल्यांदा पाहिलं! ताई, लिहा. मंजूर.” आणि बशी पुढे केली. “वहिनी, शिरा आहे का अजून?”

आईचा जीव आत्ता कुठे भांड्यात पडला. मंजुरीमुळे नाही, शिऱ्यामुळे.

पुढे ट्रस्टने कळवलं, धनादेश धारला समारंभात, मंचावर स्वीकारायचा. मी लगेच उत्तर पाठवलं : माझी परिस्थिती एकदा तपासून झाली आहे, ती हार घालून पुन्हा दाखवणार नाही. फी थेट कॉलेजात भरा!!! ताईंनी भरली. त्या वर्षापासून मंचावर कुणालाच बोलवत नाहीत. लढा दिला की मिळतं, हे मी उगाच छापत नाही.

आता मी इंदूरला कायदा शिकते. सुट्टीत घरी गेले की गोपाल भिया अजूनही हळूच विचारतात, “सोयाबीन का क्या भाव मिला?” आणि काकी दारात उभ्या राहून माझ्या पेटीकडे बघतात. ती जरीची साडी मी अजून परत केलेली नाही. त्या म्हणतात, वकील झाल्यावर पहिला खटला हाच. कायदा नीट वाचून पाहिला. काकी जिंकतील!