पाठीला लावलेलं कंपाउंड

आमच्या धाकट्याला घरात बारक्या म्हणतात. आता तो दारातून वाकून आत येतो, तरी नाव तेच. पोहायला शिकवतो. त्यानं सूर मारला तर पाणी उडत नाही, नुसतं बाजूला सरकतं. असा मास्तर आख्ख्या शहरात नाही. भाऊ म्हणून सांगत नाही, भाऊ नसतो तरी हेच सांगितलं असतं.

मी गाड्या रंगवतो. शाळा मला मानवली नाही, पण माझं काम बघा. ओरखडा कुठं होता ते गाडीच्या मालकालाही सापडत नाही. आमच्याकडे कंपाउंड म्हणून एक खरखरीत पेस्ट असते. ती घासली की रंगाचा वरचा पापुद्रा निघतो आणि ओरखडा गायब. वडील गेल्यावर याच धंद्यावर मी बारक्याला वाढवलं. त्याच्यावर हात कधी उगारला नाही.

हे सांगायचं कारण त्याची पाठ. मिसरूड फुटायच्या वयात पोरगं वेलासारखं वाढलं. आज शिवलेली पँट उद्या घोट्याच्या वर. त्याच दिवसांत कमरेच्या वर आडवे पट्टे उमटले. आधी लालसर होते, मग पांढरे झाले. स्ट्रेच मार्क. पण बघणाऱ्याला वाटावं, कुणीतरी पट्ट्यानं झोडपलंय.

पुढे मास्तर झाल्यावर तलावावर एका लहान मुलीनं विचारलंच, "सर, तुम्हाला घरी मारतात?" बाकावरच्या आया बोलायच्या थांबल्या. त्या दिवसापासून हा फुल शर्ट घालून पाण्यात उतरायला लागला. मी विचारलं तर म्हणाला, "ऊन लागतं, दादा." तलाव छताखाली आहे.

मग त्याला नोकरीत कायम करायची वेळ आली. त्याआधी परीक्षा होती. बुडणाऱ्याला बाहेर काढून दाखवायचं, सगळ्यांसमोर. तलावाच्या साहेबांनी बजावलं, "शर्ट काढायचा. बुडणारा आधी कापडच धरतो, मग दोघंही तळाला."

बारक्यानं काय करावं? मी जेवायला घरी गेलो असताना माझ्याच गॅरेजमधला कंपाउंडचा डबा उघडला. टॉवेलला पेस्ट फासली, टॉवेलची दोन टोकं धरली आणि पाठीवर करवतीसारखा ओढला.

दुसऱ्या दिवशी शर्ट पाठीला चिकटला. आमच्या हिनं पाण्यानं भिजवून तो सोडवला आणि मला हाक मारली. "अहो, इकडे या. भावोजींचं कातडं सोललंय."

"कशानं रे?" मी विचारलं.

तो भिंतीकडे बघत म्हणाला, "तूच सांगतोस ना गिऱ्हाइकांना, कंपाउंडनं काहीपण जातं म्हणून."

चारचौघांत माझं तोंड बंद करणारा अजून जन्मायचा होता. तो घरातच निघाला.

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी पाठ बघितली. "काय लावलंत?"

बारक्यानं माझ्याकडे बघितलं. "कंपाउंड," मी म्हणालो. "गाडीचं."

बाई हसल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "हा ओरखडा नाही हो. शरीर झपाट्यानं वाढलं की कातडीचा आतला थर ताणून तुटतो. वरून घासून आतलं कसं जाईल?"

"लहानपणी तेल चोळलं असतं तर?"

"तेलानं कातडी मऊ राहते, खाज कमी होते. पण व्रण येणार असले तर येतातच. वजन एकदम वाढू द्यायचं नाही, तेवढं आपल्या हातात. लाल असतात तेव्हा औषधाचा थोडा गुण येतो. यांचे पांढरे झालेत. लेसरनं फिके होतील, साफ जाणार नाहीत. आणि मनानं स्टेरॉइडचं मलम आणू नका, त्यानं उलट नवे उमटतात. आता जखम भरेपर्यंत पाणी बंद."

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "एवढी कसली लाज? पुरुषासारखा पुरुष तू."

"माझी नाही रे नुसती," तो म्हणाला. "लोकांना वाटतं, तू मला मारायचास. किती जणांना सांगू?"

मी किल्ली काढून उगाच स्कूटरचं कुलूप बघत बसलो. मान वर करायची हिंमत होत नव्हती.

परीक्षा पुढे ढकलायची तर साहेबांना कारण सांगणं आलं. खिडकीवर तिकिटं फाडणाऱ्यानं ते ऐकलं आणि म्हणाला, "सर, पुढच्या वेळी डेंटपण काढून घ्या." सगळे हसले. बारक्याही हसला, पण कान लाल झाले होते. साहेबांनी तारीख बदलली. शर्टाचं मात्र तेच.

जखम भरली. पट्टे तसेच राहिले, वर सोललेल्या जागी काळा डाग पडला. परीक्षेला मी बाकावर जाऊन बसलो. बारक्यानं शर्ट काढला तशी कुजबुज झाली. त्यानं दोन्ही हात मागे नेले, पाठ झाकायला. तेवढ्यात बुडणारा झालेला तो तिकीटवाला पाण्यात ओरडायला लागला आणि हात सोडावे लागले. सूर मारला. पाणी उडालं नाही. तिकीटवाला त्याच्या गळ्याला लटकला, तरी त्याला काठाला आणला, वर घेतला.

शेजारच्या बाईंनी मला हळूच विचारलं, "त्यांच्या पाठीला काय झालंय?"

एरवी मी अर्धा तास बोललो असतो. "लवकर वाढला तो," एवढंच म्हणालो, तेही खाली बघून.

बारक्या कायम झाला. साहेबांनी अभिनंदनाला हात पुढे केला. त्यानं तो उजव्या हातानं घेतला. डाव्या हातानं टॉवेल पाठीवर ओढून धरला होता.