ज्ञानबाची जंतांशी दुश्मनी

ज्ञानबा गेल्याचा फोन आला तेव्हा मी जिंतूरच्या स्टँडवर चहा पीत होतो. पहिला विचार हाच आला, की आता जंतांच्या घरी पेढे वाटत असतील... आमच्या चारठाण्याकडच्या मेंढपाळांत एवढा खुनशी माणूस झाला नाही. तो नुसता खाकरला तरी पार पालमच्या मेंढ्या माना वर करायच्या. त्याची लाडकी साळू मेंढी पोटातल्या जंतांनी रक्त पिऊन मारली, त्या दिवशी तिच्या अंगावर हात ठेवून तो म्हणाला, "आता एकबी जिता ठेवायचा न्हाई!"

मातीतल्या एका जीवाणूच्या विषापासून बनलेलं औषध त्याने आणलं. दर अमावस्येला सारा कळप उभा करून बांबूच्या नळकांड्याने पाजायचा. पण पंगतीत वाढावं तसं... कोकराला जेवढं, तेवढंच थोराड एडक्याला. "माझ्या दारात भेदभाव न्हाई!" आधी जंत भराभर मेले. मग कमी मरू लागले. मग मेंढ्याच मरू लागल्या.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी लेंड्या तपासल्या. "बाबा, काही जंतांना हे विष जन्मतःच लागत नाही. थोराडांना डोस अपुरा पडला, त्यातून आणखी चिवट वाचले. कच्चे तुम्ही मारले, पक्के उरले, आणि आता सगळी त्यांचीच पिलावळ आहे. औषध बदलू. वजन बघून द्या, तेही रक्त कमी होऊन पापणी आतून पांढरी पडलेल्या मेंढीलाच. धडधाकटांना पाजू नका."

"म्हंजे दुश्मनाला जेवू घालू व्हय?"

"घालाच. त्यांच्या पोटातले कच्चे जंत जगले, तर पक्क्यांशी संसार करतील. मग पुढच्या पिढीतही औषधाने मरणारे निघतील."

ज्ञानबा माझ्याकडे वळून गडगडाटी हसला. "आरं गड्या, दुश्मनाच्या घरात आपला बावळट जावई घुसवायचा! लय गोड सूड हाय की!"

तेव्हापासून तो दिसेल त्याची खालची पापणी ओढायचा. एसटीच्या कंडक्टरचीही ओढली, आणि गाडी तेवढा वेळ उभी राहिली. कळप सावरू लागला होता... आणि त्याचंच काळीज बंद पडलं.

परवाच्या अमावस्येला काशीवहिनींनी खुंटीवरचं नळकांडं काढलं. "भावजी, त्यांचं काम अर्धं ऱ्हायलंय," एवढंच म्हणाल्या आणि ते माझ्या हातात दिलं. थोराड एडका सवयीने तोंड वासून पुढे आला. मी त्याची पापणी ओढली. आतून लालभडक. नळकांडं मागे घेतलं, आणि त्याच्या पोटाशी तोंड नेऊन म्हणालो, "जेवा पोटभर, जावईबापू..."