अकरावी पाकळी

हे लिहावं की नाही, यात माझा महिना गेला. मी सायन्सचा विद्यार्थी, आमच्या घराण्यातून कॉलेजात गेलेला पहिलाच. भूतबाधा, अंगात येणं, कौल या गोष्टींवरून मित्रांशी तावातावाने भांडणारा... माझा यातल्या कशावरही विश्वास नव्हता. आजही आहे असं म्हणवत नाही. जे झालं ते फक्त जसंच्या तसं सांगतो.

आमचं गाव कापडे, तालुका पोलादपूर. मी महाडला खोली करून शिकतो. मागल्या वर्षी पौषात घरी गेलो, तेव्हा अक्का आलेली होती. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, उमरठला दिलेली. आलेली म्हणजे खरं तर सासूने आणून सोडलेली.

तिला बघून मी दारातच थांबलो. अंगावर मांस उरलं नव्हतं. डोळे मोठे, बाहेर आल्यासारखे. तांब्या हातात घेतला की पाणी हिंदकळून सांडायचं, इतके हात थरथरत. आम्ही थंडीने शेकोटीला बसलेलो, आणि ही पडवीत, गळ्याभोवती पदर गच्च गुंडाळून, पाय पाण्याच्या घमेल्यात बुडवून! रात्रभर झोप नाही. आणि जेवण मात्र दोन माणसांचं.

तिची सासू जाताना आईला म्हणाली होती, "विहीणबाय, एवढं खाते नि अंगाला काय लागत नाय. हिच्या पोटात दुसरंच कोणतरी जेवतंय. ते काढा, मग धाडा."

बाबांनी भगत ठरवूनही टाकला होता. येत्या अमावास्येला मिरच्यांची धुरी आणि वेताचे फटके. तशी धुरी लहानपणी मी एका बाईला दिलेली पाहिली होती. मी अक्काचं मनगट धरून नाडी मोजायला गेलो, पण मोजताच येईना, इतकी ती पळत होती. हिला धुरी दिली तर ही वाचणार नाही, एवढं मला डॉक्टर नसताना कळत होतं.

"बाबा, आधी डॉक्टरला दाखवू."

"दाखवलं की महाडला! हृदय कमजोर हाय म्हनला. मुंबईच्या हृदयवाल्याला चिठ्ठी दिली, टॉनिक दिलं. दोन बाटल्या संपल्या. काय फरक पडला? तू शिकतोस ते बरं हाय रे, पन तिचा संसार मोडायला आलाय."

शेवटी ठरलं, की ग्रामदेवतेला कौल लावायचा आणि देव म्हणेल ते करायचं. मी हो म्हटलं. अमावास्येला चार दिवस उरले होते आणि माझ्याकडे दुसरं काही नव्हतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो... गुरव मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि प्रश्न विचारतो. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही.

सकाळी नऊचा सुमार होता. आमचे गुरव भिकाकाका तगरीची दोन फुलं घेऊन बसले. ते काहीतरी हातचलाखी करतील या संशयाने मी अगदी जवळ उभा राहिलो. पाच पाकळ्या उजवीकडे, पाच डावीकडे.

"काय रे कॉलेजवाल्या, देवाची परीक्षा घेतोस काय?"

"नाही काका, नुसतं मोजतोय."

"मोज, मोज. पन पास-नापास तुझ्या हातात नाय."

मग त्यांनी विचारलं, "देवा, पोरीला बाहेरची बाधा हाय काय? असली तर उजवी दे." काही पडलं नाही. "घरची हाय काय?" काही नाही. असा तासभर गेला. बाबा हात जोडून उभे होते. अक्का खांबाला टेकून धापा टाकत होती.

"मग हाय तरी काय? बोल की!" भिकाकाका चिडलेच.

तेव्हा एक पाकळी सुटली. उजवी नाही, डावी नाही... मूर्तीच्या बरोबर गळ्यावरून घसरत आली आणि पायाशी पडली.

भिकाकाका मागे सरकले. "गळ्याला मी लावलीच नाय."

मी पुन्हा मोजलं. पाच उजवीकडे, पाच डावीकडे. सगळ्या जागच्या जागी. खाली पडलेली उचलली. तगरीचीच, ओली. सकाळच्या पूजेला लाल जास्वंद होती. तगरीचे देठ ताटलीत दोनच होते.

मी वळून पाहिलं, तर अक्का पदर आणखी आवळत होती.

"अक्का, पदर काढ."

"नको रे."

"काढ गो!"

ती रडायला लागली. पदर मीच सोडवला. गळ्याच्या खालच्या बाजूला आवळ्याएवढी गाठ. सहा महिने तिने ती लपवली होती. "सासूनं बघितली असती तर नांदवली नसती," एवढंच म्हणाली.

भिकाकाका बाबांना म्हणाले, "भगताला नको सांगून धाड. हे त्याचं काम नाय."

चौथ्या दिवशी, ऐन अमावास्येला, आम्ही मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात होतो. अक्काचे यजमान तिथेच गिरणीत, भावोजींनी रजा काढली होती. चिठ्ठीवर हृदय लिहिलेलं, म्हणून हृदयाच्या विभागात पाठवलं. तिथल्या डॉक्टरांनी छाती तपासली, गोळ्या लिहिल्या, डोळ्यांसाठी उद्या दुसऱ्या विभागात जा म्हणाले. पुढचा पेशंट आत शिरलासुद्धा. अक्का उठली, पदर सावरला...

"साहेब," मी म्हणालो, "एकदा तिचा गळा बघाल का?"

"गळा कशाला?"

"तिथे गाठ आहे." ती कशी सापडली, ते काय सांगणार? ते वैतागले, पण त्यांनी पदर बाजूला करायला लावला. मग पाण्याचा पेला मागवला. "गिळा." अक्काने घोट घेतला. गाठ वर गेली, खाली आली. "पुन्हा गिळा." त्यांनी आधीचा कागद फाडला आणि नवा लिहिला.

त्या कागदावरून आम्ही गळ्यातल्या ग्रंथीचे आजार बघणाऱ्या मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी थरथर, नाडी, भूक, डोळे, झोप, सगळं विचारलं आणि म्हणाले, "आजार एकच आहे, थायरॉईडचा. नुसत्या हृदयाच्या औषधांवर ही फार दिवस निघाली नसती." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "गाठ लहान, तीही पदराआड. गळा बघायला कुणी सांगितलं?"

"पुस्तकात वाचलं होतं, सर."

त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "शाबास!"

काही महिने गोळ्या, मग ऑपरेशन. अक्का आता उमरठला नांदते. रात्रभर झोपते. ती जेवत नाही, अशी सासूची तक्रार असते.

मी पुढे लायब्ररीत तसं पुस्तक खरोखर शोधून काढलं. आजार त्यात अक्षरन् अक्षर होता. पाकळी कुठून आली हे कुठल्या पुस्तकात शोधायचं, ते मला कळलेलं नाही. भिकाकाकांना विचारलं, तर ते म्हणतात, "मी धाच लावल्या. मोजणारा तू होतास."

ती शाबासकी माझी नव्हती, हे आज पहिल्यांदाच सांगतो आहे. कुणाची होती, ते मला माहीत नाही.