काशम्माची कवळी

शुक्रवार पेठेतल्या काशम्माने नवऱ्यामागे मिरची-मसाला कांडून दोन मुलं वाढवली. आपलं दुखणंखुपणं तिने कधी कुणाला सांगितलं नाही. साठीत दात गेले, तेव्हा थोरला भीमाशंकर तिला कवळी बसवायला डॉक्टर गोडबोल्यांकडे घेऊन गेला. पण मापाचा ओला लगदा तोंडात गेला की तिला उमासे यायचे. दोनदा तिने सगळं बाहेर काढलं आणि ओशाळून म्हणाली, "ऱ्हाऊ दे की. दातावाचून काय अडलंय?"

हे १९७६ साल. डॉक्टर नुकतेच पुण्याच्या एका शिबिरात ॲक्युपंक्चर शिकून आले होते. तिसऱ्या खेपेला त्यांनी तिच्या मनगटाच्या आतल्या बाजूला केसासारखी बारीक सुई टोचली आणि हलकेच फिरवली.

"माप तोंडाचं अन् सुई हाताला?" काशम्माने विचारलं.

"हात जड वाटला की सांगा, आजी."

हात जड झाला, मग लगदा आत गेला. एकदा घशाशी आलं, पण ती खुर्ची घट्ट धरून नाकाने श्वास घेत राहिली. तेवढ्यावरच निभावलं आणि माप निघालं.

चूळ भरून ती म्हणाली, "अक्कलकोटच्या येष्टीत मला असंच हुतं. तितं कोन टोचनार?"

डॉक्टर हसले. "तिथं सुई नको. हीच जागा अंगठ्यानं दाबून धरा."

कवळी बसल्यावर ती लेकीकडे अक्कलकोटला निघाली. वाटेतलं वळसंग गाव मागे पडलं तरी पोटात ढवळलं नव्हतं. शेजारच्या बाईने विचारलं, "मनगट दुखतंय का हो?"

"न्हाय की," काशम्मा म्हणाली, "पोट सांभाळतीया."