डॉक्टरांच्या पाठीमागची शपथ

आमच्या डॉक्टरांच्या खुर्चीमागे भिंतीवर एक शपथ टांगली आहे. फार पूर्वी ग्रीसमधले वैद्य ती घेत: रोग्याविषयी जे कळेल, ते बाहेर बोलणार नाही. मला त्या शपथेचाच संशय येतो. तेव्हाही कुणीतरी बोललंच असणार. उगाच कोण शपथ घ्यायला लावतं? शिवाय ती दिसते पेशंटला. डॉक्टरांची तिच्याकडे पाठ.

मी माझं दुखणं हळू आवाजात सांगितलं. डॉक्टर हसले.

"घाबरताय कशाला? तुमच्या वरच्या मजल्यावरच्या पेठेबाईंनाही हेच आहे. मस्त हिंडताहेत!"

मला धीर आला, अगदी मनापासून.

संध्याकाळी जिन्यात पेठेबाई भेटल्या. माझ्याकडे बघून थांबल्या आणि मायेनं म्हणाल्या,

"घाबरायचं नाही हं."