चिमटा कुणी घ्यायचा

सरकारी प्रसूतिगृहात सव्वीस वर्षं नोकरी झाली, तेव्हा गावात तिला नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. लहानथोर सगळे तिला सिस्टर म्हणत. भाजीवाल्याच्या दोन्ही मुली तिच्याच हातावर जन्मलेल्या. बँकेत तिला कुणी रांगेत उभं राहू देत नसे. या मानाची तिला सवय झाली होती आणि तो दुसऱ्या कुणाला मिळेल, असं तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

तिची धाकटी जाऊ त्याच प्रसूतिगृहात स्वयंपाकीण होती. तिला चिकटवलं होतं सिस्टरनंच, वरच्या डॉक्टरांकडे शब्द टाकून. घर एकच होतं. खाली थोरली आणि सासूबाई, वर धाकटी. धाकटी बडबडी होती, हसली की जिन्यात ऐकू यायची. "हिला जरा कमी बोलायला शिकवा," असं सिस्टर सासूबाईंना म्हणायची. सासूबाई म्हणायच्या, "राहू दे गं, घरात कुणीतरी हसतंय."

त्या वर्षी देशाची तिजोरी रिकामी झाली. बाहेरच्या देशांचं कर्ज फिटेना आणि नवं कर्ज द्यायचं तर आधी खर्च कापा, अशी सावकारांनी अट घातली. पेट्रोलला रांगा लागल्या. रेडिओवर सकाळपासून तोच वाद. काय कापायचं, कुणाचं कापायचं? मग एक यादी निघाली, बंद करायच्या छोट्या रुग्णालयांची. तिच्यात हे प्रसूतिगृह होतं. बायकांनी यापुढे बाळंतपणाला चाळीस किलोमीटरवरच्या शहरात जावं, असं ठरलं होतं.

अर्थखात्याचा एक अधिकारी लोकांचं म्हणणं ऐकायला येणार असं कळलं, तेव्हा प्रसूतिगृहाच्या वतीनं कोण बोलणार हा प्रश्नच नव्हता. सिस्टरनं आठवडाभर खपून चार पानं लिहिली. वर्षाला किती बाळंतपणं, त्यातली किती अडलेली, शहरापर्यंत लागणारा वेळ, सगळं. नवऱ्याला दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा तो पेंगला.

नगरभवनाचं सभागृह खचाखच भरलं होतं. अधिकारी माणूस उद्धट नव्हता, हीच पंचाईत होती. तो शांतपणे म्हणाला, "औषधं बाहेरून येतात. ती आणायला परकीय चलन नाही. दहा दवाखाने उघडे ठेवून रिकामे ठेवायचे, की तीन नीट चालवायचे?" निवृत्त हेडमास्तर उठून म्हणाले, की साहेब बरोबर बोलतायत, आपण ऐपतीबाहेर जगलो. मागून कुणीतरी ओरडलं, "तुम्ही जगला असाल!" हशा झाला.

सिस्टर उठली. प्रत्येकाला तीन मिनिटं होती. दुसरं पान अर्धं झालं आणि घंटा वाजली. "मुद्दा लेखी द्या," अधिकारी म्हणाला, "फार उपयुक्त आहे." लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण शाळेत बक्षीस न मिळालेल्या मुलीसाठी वाजवतात तशा.

समारोप करताना अधिकारी म्हणाला, "थोडे दिवस सगळ्यांनाच पोटाला चिमटा घ्यावा लागेल."

तेवढ्यात धाकटी उठली. स्वयंपाकघरातून तशीच आली होती, बाह्या वर केलेल्या.

"साहेब, चिमटा घ्यायला आमची ना नाही," ती म्हणाली. "पण आमच्याकडे जी येते तिच्या पोटात मूल असतं. तिनं कुठं घ्यायचा?"

मग छत खाली येईल अशा टाळ्या. हेडमास्तरसुद्धा वाजवत होते. सिस्टरनंही वाजवल्या. हात वाजत होते आणि आत काहीतरी करपत होतं. वाक्य कुणाचं उचललेलं असतं तर बरं झालं असतं. पण ते धाकटीचंच होतं, तिथल्या तिथं सुचलेलं, आणि चार पानांत तसं एकही नव्हतं.

चार दिवसांत ते वाक्य भिंतींवर लागलं. दूरचित्रवाणीवाल्यांनी धाकटीला राजधानीत बोलावलं. तिथं ती दोन अर्थतज्ज्ञांच्या मध्ये बसली आणि दोघांना पुरून उरली. पायाळू मुलाच्या एका बाळंतपणाची हकिगत तिनं सांगितली आणि म्हणाली, "ते मूल वाचलं आमच्या सिस्टरमुळे. माझ्या थोरल्या जाऊबाई त्या."

"बघ, तुझं नाव काढलं हो!" सासूबाई टीव्हीसमोरून म्हणाल्या.

सिस्टरच्या अंगाचा तिळपापड झाला. सव्वीस वर्षं तिनं स्वतः कमावलेला मान आता धाकटी तिला चार लोकांत वाटत होती, उरलंसुरलं वाढावं तसा. दुसऱ्या दिवशी भाजीवाला म्हणाला, "तुम्ही त्यांच्या जाऊ ना? काय बोलतात हो त्या!" तिनं भाजी न घेताच पिशवी उचलली.

अशात एका वर्तमानपत्राचा माणूस आला. त्याचं पत्र काटकसरीच्या बाजूचं होतं. इकडचं तिकडचं बोलून त्यानं विचारलं, "रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातून अन्न घरी जातं म्हणे?"

नाही म्हणायला एक शब्द पुरला असता. ती म्हणाली, "उरलेलं सूप, पाव नेतात सगळेच. फेकण्यापेक्षा."

"तुमच्या जाऊबाईपण?"

"तीपण नेते."

त्यात खोटं काहीच नव्हतं. दोन दिवसांनी पहिल्या पानावर मथळा आला: 'गरोदर बायकांच्या तोंडचा घास जातो कुठे?' खाली धाकटीचा फोटो. 'सगळेच' हा शब्द कुठेच नव्हता.

धाकटी पेपर घेऊन खाली आली. डोळे सुजलेले. "ताई, कुणी सांगितलं असेल हो?"

"मला काय माहीत," सिस्टर म्हणाली आणि गणवेशाला इस्त्री करत राहिली.

धाकटी गेल्यावर सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या, "ते सूप मी प्यायलेय. तूही प्यायलीस. ती डबा वर न्यायच्या आधी आपल्या दोघींचं खाली ठेवून जायची." एवढंच बोलल्या. कुणी सांगितलं, ते त्यांनी विचारलं नाही. सिस्टरला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

शेवटची सुनावणी महिन्यानं झाली. या खेपेला अधिकाऱ्यानं पेपर हातात धरून दाखवला. "गळती कुठं आहे हे आधी पाहू," तो म्हणाला. सभागृहात कुजबुज झाली. जी माणसं टाळ्या वाजवत होती, तीच आता मान वळवून धाकटीकडे बघत होती. धाकटी उठलीच नाही. हातातला रुमाल पिळत बसली होती.

सिस्टरनं तिला कधी गप्प बसलेलं पाहिलं नव्हतं. महिनाभर हेच बघायची तिला आस होती, आणि आता बघवेना. ती उभी राहिली.

"हे मी सांगितलं," ती म्हणाली. "मीही नेते, सगळ्याच नेतो, पण नाव मी हिचं घेतलं. कारण हिला टाळ्या मिळत होत्या आणि माझा जीव जळत होता. यात प्रसूतिगृहाचा काय दोष?"

टाळ्या झाल्या नाहीत. कुणाला कुठं बघावं कळेना. नवऱ्यानं मान खाली घातली. धाकटी तिच्याकडे बघत राहिली आणि मग अधिकाऱ्याकडे वळून बोलू लागली. पाच मिनिटं बोलली, आणि पुन्हा तेच सभागृह, त्याच टाळ्या. इतकं सगळं होऊनही सिस्टरच्या मनात आलं, आजही तिलाच.

प्रसूतिगृह बंद झालं नाही. वीस खाटांच्या सहा झाल्या. स्वयंपाकघर मात्र बंद झालं, जेवण ठेकेदाराकडून येऊ लागलं. म्हणजे सिस्टर राहिली आणि धाकटीची नोकरी गेली. दोन महिने दोघी जिन्यात समोरासमोर आल्या तरी बोलल्या नाहीत. मधल्या काळात धाकटी नगरपालिकेच्या निवडणुकीला उभी राहिली आणि सहज निवडून आली. सिस्टरनं मत तिलाच दिलं, पण शिक्का मारताना तिचा हात जरा रेंगाळला.

निकालानंतर आठवड्यानं, एका दुपारी धाकटी खाली आली. न विचारता खुर्ची ओढून बसली.

"मी तुम्हाला माफ केलेलं नाही, ताई."

"नको करूस."

"पण एक सांगू? तुम्ही सकाळी गणवेश घालून निघता ना, तेव्हा मी वरून बघते. माझा असा जळफळाट होतो! सभा कसल्या, भाषणं कसली. तुम्हाला रोज कामाला जायचं असतं. मी उठून काय करू, तेच कळत नाही."

सिस्टरनं उठून चहाचं आधण ठेवलं. धाकटीचं दुःख खरं होतं, ते तिला दिसत होतं, आणि तिची कीवही येत होती. पण चहा गाळताना तिला वाटलं, आपल्याला आज किती दिवसांनी हलकं वाटतंय. या विचाराची तिला लाज वाटली. तरी भूक मात्र सपाटून लागली होती.